लोवेलच्या गिरण्या आणि आपले गिरणगाव

अमेरिकेच्या ईशान्येला मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. बोस्टन ही त्याची राजधानी. बोस्टनपासून सुमारे ४० किलोमीटरवर, मेरिमॅक नदीच्या काठी, लोवेल हे शहर वसले आहे. २०२० च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती एक लाख पंधरा हजारांच्या घरात, म्हणजे आपल्या बार्शीएवढी. एके काळी इथे कापडाच्या गिरण्या आणि त्यांत राबणारी माणसे यांशिवाय दुसरे काही नव्हते. गिरण्या बंद पडल्या, शहर बसले. पण त्या गिरण्यांच्या लाल विटांच्या भिंती पुष्कळशा आजही उभ्या आहेत आणि लांबून लांबून माणसे त्या पाहायला येतात.

समाजबांधव विचारतील, इथे आमच्या चाळीवर हातोडा पडतो आहे आणि तुम्ही हे अमेरिकेचे काय घेऊन बसलात? विचारणे रास्त आहे. आम्ही लोवेलला गेलेलो नाही. कारकुनी पगारात ते बसत नाही. परंतु वाचता वाचता या शहराच्या कहाणीत अशा काही गोष्टी सापडल्या, की त्या आपल्या घराघरांत सांगाव्यात असे वाटले. त्यातली एक गिरणीतल्या लाकडी धोट्याची आहे आणि एक आपल्यासारख्याच बौद्ध माणसांची.

कापूस कोणाचा, घाम कोणाचा

फ्रान्सिस कॅबट लोवेल हा बोस्टनचा व्यापारी. १८१० ते १८१२ या काळात तो इंग्लंडात होता. तिथल्या कापड गिरण्या त्याने फिरून पाहिल्या. यंत्रांचे नकाशे देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून इंग्रजांचा कडक कायदा होता. या गृहस्थाने कागद नेला नाही, यंत्रेच डोळ्यांत साठवून नेली आणि १८१४ मध्ये वॉल्थम या गावी यंत्रमागावर कापड काढून दाखवले. १८१७ मध्ये तो वारला. त्याच्या भागीदारांनी मग मेरिमॅक नदीवरचा पॉटकेट धबधबा हेरला. तिथे नदी सुमारे ३२ फूट खाली उतरते. त्या पाण्यावर चाके फिरवायची आणि चाकांवर गिरण्या चालवायच्या, असा बेत. कालवे खणायला आयर्लंडमधून आलेले गरीब मजूर लावले. मजुरांनी गावाबाहेर झोपड्या घातल्या, कालव्याकडेला विटांच्या पाचपाच मजली गिरण्या उठल्या, आणि १८२६ मध्ये या नव्या गावाला वारलेल्या भागीदाराचे नाव मिळाले. कालवे खणणाऱ्यांपैकी कोणाचे नाव गावाला द्यावे असे अर्थातच कोणाच्या मनात आले नाही.

गिरणीत कामाला कोण? आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुली. १८४० च्या सुमारास लोवेलच्या गिरण्यांत आठ हजारांजवळ कामगार होते आणि त्यांत बहुसंख्य बायका व तरुण मुली. कंपनीने त्यांच्यासाठी वसतिगृहे बांधली होती. एकेका घरात पंचवीस-तीस मुली, एका खोलीत चार-सहा, आणि स्वयंपाकपाणी पाहायला बहुधा एखादी विधवा बाई. आपल्या गिरणगावातल्या खानावळवाल्या मावशी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. पहाटे घंटा व्हायची, घंटेवर उठायचे, घंटेवर जेवायचे, रात्री दहाला दार बंद. आठवड्याचे काम सरासरी ७३ तास. रविवारी चर्चला गेलेच पाहिजे, असाही कंपनीचा नियम.

या मुली मुकाट्याने सोसत राहिल्या असे मात्र नाही. १८३४ मध्ये मजुरी कापली तेव्हा त्या काम टाकून रस्त्यावर आल्या. १८३६ मध्ये वसतिगृहाचा खर्च त्यांच्या अंगावर वाढवला तेव्हा पुन्हा आल्या. सारा बॅगली या कामगार बाईच्या पुढारपणाखाली १८४५ च्या सुमारास त्यांची संघटना उभी राहिली आणि दहा तासांचा दिवस मागणारे हजारो सह्यांचे अर्ज त्यांनी विधिमंडळाकडे नेले. अर्ज फेटाळला गेला. मॅसॅच्युसेट्समध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा व्हायला १८७४ साल उजाडले. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८८४ मध्ये, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली. आज आपली मुले रविवारी उशिरा उठतात ते कोणामुळे, हे त्यांना आईबापांनी सांगितले पाहिजे.

आता कापसाचे. मॅसॅच्युसेट्स थंड मुलुख. तिथे कापूस पिकत नाही. तो यायचा दक्षिणेतल्या राज्यांतून आणि तिथे तो वेचायचे ते काळे गुलाम, चाबकाखाली. त्यांनी वेचलेल्या कापसाचे कापड लोवेलमध्ये विणले जाई, आणि त्यातले जाडेभरडे कापड पुन्हा दक्षिणेत गुलामांच्या अंगावर घालायला जाई. त्या कापडाला तिकडे ‘लोवेल’ असेच नाव पडले होते. ज्याने कापूस वेचला त्यालाच ते कापड, तेही सर्वांत हलके. चार्ल्स सम्नर या मॅसॅच्युसेट्सच्याच पुढाऱ्याने १८४८ मध्ये भर सभेत सांगितले की चाबकाचे धनी आणि मागाचे धनी यांची ही अभद्र युती आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तो याच गुलामांची बेडी तुटल्यानंतर. म्हणून लोवेलच्या भिंतींकडे पाहताना आम्हांला नुसते विटांचे सुंदर बांधकाम दिसत नाही. त्या विटांचे पैसे कुठून आले हेही विचारावे लागते.

धोटा

मुली गेल्या, आयरिश आले. त्यांच्यामागून कॅनडातले फ्रेंच, मग ग्रीक, पोलिश, पोर्तुगीज. जो शेवटी येईल त्याच्या वाट्याला सर्वांत घाण काम आणि सर्वांत कोंदट खोली. पण एक-दोन पिढ्यांत त्याची मुले वरच्या पायरीवर चढत आणि खालच्या पायरीवर नवा कोणी येई. आपल्याकडे पायऱ्या होत्या, पण चढायची सोय नव्हती. जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची वाटणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जे लिहिले ते लोवेलशेजारी ठेवून वाचावे, म्हणजे दोन्हींतला फरक कळतो.

आणि तो फरक सर्वांत स्वच्छ दिसतो एका वीतभर लांबीच्या वस्तूत. ती म्हणजे धोटा. ज्यांच्या घरात कोणी गिरणीत होते त्यांना धोटा ठाऊक असेल. मागावर आडवा धागा इकडून तिकडे घेऊन जाणारा तो लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना निमुळता. आत कांडी बसवलेली असते. कांडीवरचे सूत संपले की नवी कांडी घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. जुन्या धोट्यात हे काम तोंडाने करीत. भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा, की सूत फट्‌कन बाहेर. दिवसातून कितीतरी वेळा. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागे. सुताबरोबर कापसाची धूळ, तेल, रंग छातीत जाई, आणि एकाचा क्षय दुसऱ्याला लागण्याची भीती वेगळी. तिकडचे कामगार त्याला मृत्यूचे चुंबन म्हणत.

मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये कायदा करून हा तोंडाने ओढायचा धोटा बंद केला. हाताने सूत ओवता येईल असा धोटा वापरा, असे मालकांना सांगितले. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये हीच गोष्ट व्हायला १९५२ साल लागले.

आणि मुंबईत? मुंबईच्या गिरण्यांत तोच धोटा होता. त्यावरून वेगळाच न्याय झाला. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेले सूत आम्ही तोंडाला कसे लावणार, असे म्हणून स्पृश्य कामगारांनी विणकामाच्या खात्याचे दार आपल्या माणसांना बंद ठेवले. विणकाम हे जास्त मजुरीचे काम. आपली माणसे राहिली सूतकताईच्या खात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले, की गिरणीतली सर्व खाती अस्पृश्य कामगारांना खुली झाली पाहिजेत ही मागणी तुमच्या मागण्यांत घाला. तसे न केल्यास आम्ही आमच्या माणसांना संपात राहू नका असे सांगू. पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीनेच स्वीकारली. लाल बावट्याखाली सारे कामगार एक, असे भाषणात म्हणणे सोपे होते. कांडी भरताना ते आठवत नव्हते.

दोन देशांत वस्तू एकच. तिकडे धोटा बदलला. इकडे धोटा तोच ठेवला आणि माणसाला बाहेर ठेवले. आमच्या वाचकांनी हे वाक्य मुलांना जरूर वाचून दाखवावे आणि मग त्यांचे प्रश्न ऐकून घ्यावेत.

पाडले ते, आणि राहिले ते

पहिल्या महायुद्धानंतर दक्षिणेत स्वस्त मजुरीच्या नव्या गिरण्या निघाल्या आणि १९२० च्या दशकापासून लोवेल ढासळू लागले. एकेक भोंगा बंद झाला. बूट मिल (हे कर्क बूट या व्यवस्थापकाचे आडनाव, पायातल्याशी संबंध नाही) १९५५ मध्ये थांबली. सर्वांत जुनी मेरिमॅक कंपनी त्यानंतर तीन वर्षांत गेली. घरे रिकामी पडली, तरुण पोरे गाव सोडून निघाली.

मग आला ‘विकास’. शहराच्या मधोमध जुने काय आहे ते काढा, रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा करा, म्हणजे धंदा आपोआप येईल, असे त्या वेळचे मत होते आणि त्यासाठी सरकारी पैसाही मिळत होता. मेरिमॅक कंपनीच्या गिरण्या जमीनदोस्त झाल्या. डटन स्ट्रीटवरची गिरणी मुलींची वसतिगृहांची रांग १९६६ मध्ये पाडली. ती वाचवावी म्हणून काही लोकांनी खटपट केली, पण उपयोग झाला नाही. ‘लिटल कॅनडा’ म्हणजे कॅनडातून आलेल्या फ्रेंच कामगारांचा दाट मोहल्ला. चर्च, दुकाने, गल्लीतली ओळख, सर्वांसह तो १९६० च्या दशकात पुसून टाकला. माणसे पांगली. कालवे बुजवून त्यावर रस्ते करावेत, असेही ठरत आले होते. आणि धंदा? तो काही आला नाही. मोकळ्या जागा मोकळ्याच राहिल्या.

इथे पॅट्रिक मोगन या शिक्षण खात्यातल्या गृहस्थाचे नाव घेतले पाहिजे. शाळेतल्या मुलांना आपल्या गावाची लाज वाटते, आपल्या आजोबांच्या कामाची लाज वाटते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. ते म्हणू लागले की हे गावच मुलांची शाळा आहे. गिरण्या, कालवे, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांची बोली आणि जेवणखाण, हेच आपले भांडवल. सुरुवातीला पुष्कळांनी हसण्यावारी नेले. जुनी पडकी गिरणी पाहायला कोण येणार? पण हळूहळू शहरातले लोक, बँका, आणि पॉल त्सोंगास यांच्यासारखे लोवेलमध्येच वाढलेले लोकप्रतिनिधी त्यामागे उभे राहिले. १९७८ च्या जून महिन्यात अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि लोवेलच्या गिरण्या व कालवे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जाहीर झाले. तिकडे राष्ट्रीय उद्यान म्हणजे जंगले, डोंगर, नाहीतर लढाईची मैदाने. कामगारांच्या घामाच्या जागेला तो मान मिळणे ही मोठीच गोष्ट.

बूट मिलमध्ये १९९२ मध्ये संग्रहालय उघडले. तळमजल्यावर ऐंशीहून अधिक जुने यंत्रमाग मांडले आहेत आणि त्यातले काही रोज खरोखर चालवतात. आवाज एवढा की पाहुण्यांना कानात घालायला बोळे देतात. त्या मागांवर निघालेले पंचे संग्रहालयाच्या दुकानात विकायला असतात. कामगारांची जुनी वसतिगृहे बहुतेक गेली होती, पण बूट मिलचे एक राहिले होते. ते दुरुस्त करून त्यात मुलींच्या खोल्या, स्वयंपाकघर, जेवणाचे टेबल पुन्हा मांडले आणि त्या इमारतीला मोगन यांचे नाव दिले. गुलामांच्या कापसाचीही गोष्ट तिथे सांगतात. पूर्वी हे थोडक्यात आटपत. आता अधिक बोलले जाते, कारण विचारणारे वाढले.

आम्ही पडलो कॉमर्सचे, त्यामुळे हे सारे कोणत्या हिशेबात बसले ते पाहिल्याखेरीज राहवेना. अमेरिकेत असा नियम आहे, की ऐतिहासिक म्हणून नोंदलेली, उत्पन्न देणारी इमारत मालकाने ठरलेल्या पद्धतीने दुरुस्त केली, तर त्या खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्र सरकारच्या आयकरातून वजा मिळते. एक कोटी खर्च केला तर वीस लाखांचा कर माफ. अट अशी, की भिंती, खिडक्या, बाहेरचे रूप बिघडवायचे नाही. लोवेलच्या कितीतरी गिरण्या याच सवलतीवर घरे, कचेऱ्या, वर्गखोल्या झाल्या. ॲपलटन मिल २०११ मध्ये कलावंतांसाठी बेताच्या भाड्याच्या १३० घरांची झाली. बाकी बऱ्याच गिरण्यांत चांगल्या पगाराच्या लोकांचे फ्लॅट आहेत, आणि मागावर उभा राहिलेल्या माणसाच्या नातवाला ते परवडतीलच असे नाही. हे खटकते. इमारत वाचली म्हणजे इमारतीतला माणूस वाचला असे होत नाही.

हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. लोवेलमध्ये गिरणी पाडून कोणाला काही मिळणार नव्हते. जमिनीला भावच नव्हता. याच शहरात वँग या संगणक कंपनीने तीन उंच मनोरे बांधले, सुमारे सहा कोटी डॉलर घालून. १९९२ मध्ये कंपनीने दिवाळे काढले आणि १९९४ मध्ये ते मनोरे लिलावात सव्वापाच लाख डॉलरना गेले! रुपयाला पैसासुद्धा नाही. जिथे नव्या इमारतीची ही गत, तिथे जुनी ठेवायला मालक का नाही म्हणेल? मुंबईत उलटे आहे. इथे गिरणीपेक्षा गिरणीखालची माती महाग. म्हणून ‘अमेरिकेने जपले, आपण का नाही’ असे जे पांढरपेशे लोक सभांतून विचारतात, त्यांनी आधी दोन्हीकडचा जमिनीचा भाव विचारावा.

लोवेलचे बौद्ध

गिरण्या गेल्या आणि रिकाम्या घरांत नवी माणसे आली. ती होती कंबोडियाची. १९७५ ते १९७९ या चार वर्षांत पोल पॉटच्या राजवटीत त्या देशात पंधरा ते वीस लाख माणसे मारली गेली किंवा उपासमारीने मेली. विहार बंद केले, भिक्खूंची चीवरे उतरवली, हजारो भिक्खू मारले. वाचले ते थायलंडच्या सरहद्दीवरच्या छावण्यांत आणि तिथून पुष्कळ जण अमेरिकेत पोहोचले. १९८० च्या दशकात हजारो कुटुंबे लोवेलला आली. भाडी कमी होती, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत हातकाम मिळत होते. आज कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचनंतर अमेरिकेतली कंबोडियन लोकांची सर्वांत मोठी वस्ती लोवेलची मानतात.

या लोकांनी प्रथम काय केले? विहार उभारले. पोटाला चिमटा काढून भिक्खूंची सोय केली. १९९७ पासून त्यांनी मेरिमॅक नदीवर आपला जलोत्सव सुरू केला. ज्या पाण्यावर गुलामांच्या कापसाच्या गिरण्या चालल्या, त्याच पाण्यात लांब होड्यांच्या शर्यती. २०१२ मध्ये त्यांच्या मोहल्ल्याला ‘कंबोडिया टाऊन’ असे नाव शहराने अधिकृतपणे दिले. लिटल कॅनडा पुसणाऱ्या शहराने इतक्या वर्षांत एवढे शिकले म्हणायचे.

पण नाव देणे वेगळे आणि सत्तेत जागा देणे वेगळे. लोवेलच्या नगरपरिषदेवर नऊ सभासद, आणि सगळे सबंध शहराने निवडायचे. म्हणजे प्रत्येक जागेसाठी सबंध शहराचे मत. ज्यांची संख्या जास्त तेच सर्व जागा नेणार. १९९९ मध्ये रिथी उआँग हे कंबोडियन गृहस्थ निवडून आले होते, पण असे अपवाद थोडे. २०१७ मध्ये आशियाई आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या १३ रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली. त्या वेळी शहरात श्वेतेतरांची वस्ती मोठी असूनही नऊच्या नऊ सभासद गोरे होते. २०१९ मध्ये तडजोड झाली. २०२१ च्या निवडणुकीपासून अकरा जागा झाल्या, त्यातल्या आठ प्रभागांतून आणि तीन सबंध शहरातून. त्या निवडणुकीत तीन कंबोडियन निवडून आले आणि जानेवारी २०२२ मध्ये सोखारी चाऊ हे लोवेलचे महापौर झाले. कंबोडियन वंशाचा महापौर अमेरिकेत त्याआधी कुठेही झाला नव्हता. त्यांच्या वडिलांना पोल पॉटच्या माणसांनी मारले होते आणि ते स्वतः लहानपणी निर्वासित म्हणून आले.

बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे जे मांडले आणि १९३२ मध्ये पुण्यात ज्या प्रश्नावर प्राण कंठाशी आणले गेले, तोच हा प्रश्न. दोन्हीकडचा इतिहास वेगळा, उपाय वेगळा. पण बहुसंख्याकांच्या मतावरच आपला प्रतिनिधी ठरणार असेल तर तो आपला कसा, ही अडचण तीच.

आता इकडे

मुंबईच्या ५८ गिरण्या आणि त्यांची सुमारे ६०० एकर जमीन. १९८२ चा संप आपल्या घराघरांतून गेला आहे. त्याबद्दल इथे लिहीत नाही. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकासाला काढली तर साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी, तिसरा घरांसाठी आणि तिसरा मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला: जी जमीन आधीच मोकळी आहे तिचीच वाटणी, बांधकामाखालची नाही. गिरणीत मोकळी जमीन ती किती असणार? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल उचलून धरला. कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ मध्ये. तोवर फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहून जुना झाला होता. नागपूरची १८७७ ची एम्प्रेस मिल, तिच्याही जमिनीवर मॉलच.

चाळींचेही तेच वळण. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी पाडून म्हाडा नवे मनोरे बांधत आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. चाळ जपा, पाडू नका, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. शंभर वर्षे एका खोलीत दहा-दहा माणसांनी काढली, संडासापुढे रांगा लावल्या, त्यांना घर मिळते आहे तर ते हक्काने घ्यावे आणि आनंदाने राहावे. ज्याने ती खोली भोगली नाही त्यालाच तिचे कौतुक जास्त असते.

परंतु याच वरळीत ५ जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरच्या सभेवर हल्ला झाला आणि चाळीचाळीत दंगल पेटली. पाच दिवसांनी निघालेल्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव यांचे प्राण गेले. परळच्या ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांनी दोन खोल्यांत आयुष्याची सुमारे वीस वर्षे काढली. महाडचा सत्याग्रह त्या खोल्यांतल्या काळातला. हे चाळींच्या भिंतींनी पाहिले. भिंत गेल्यावर हे कोण सांगणार? मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून तिथला इतिहास उतरवून घेऊन २००४ मध्ये पुस्तक काढले, ते मोठे काम झाले. लोवेलमध्येही म्हाताऱ्या कामगारांचे बोलणे असेच ध्वनिफितींवर घेऊन विद्यापीठात ठेवले आहे. आपल्या विहारांनी हे काम का हाती घेऊ नये?

दादरच्या इंदू मिलचा विषय निघाला की आपण पुतळ्याच्या उंचीबद्दल बोलतो. ती जागा म्हणजे इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६. डिसेंबर २०११ मध्ये आपल्या माणसांनी आत शिरून ती ताब्यात घेतली, मग सरकार हलले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये साडेबारा एकरांवर स्मारकाची कोनशिला बसली. स्मारक भव्य व्हावे, यात दुमत नाही. आमची मागणी लहान आहे. त्या साडेबारा एकरांत एका खोलीत एक चालता माग ठेवावा. शेजारी काचेत जुना धोटा. आणि या मागावर आपल्या आजोबांना का उभे राहू दिले नाही, ते मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहावे. स्मारक समितीत ज्यांची ऊठबस आहे त्यांनी हे तिथे बोलावे. खर्च फार नाही. जुने माग भंगारात निघतात तेव्हा किलोच्या भावाने जातात.

तोवर घरचे काम घरी करता येईल. नव्या इमारतीत जायची तारीख लागली की पहिल्यांदा जुन्या पत्र्याच्या पेट्या बाहेर निघतात आणि त्यातले कागद भंगारवाल्याकडे जातात. ते जाऊ देऊ नयेत. गिरणीचा बिल्ला, हजेरीचे तिकीट, पगाराची चिठ्ठी, चाळ समितीची वही, विहारातल्या वर्गणीची पावती, १९५६ च्या नागपूरच्या प्रवासाचा काही कागद असेल तर तो. आजी-आजोबांना विचारून घ्यावे: कोणती गिरणी, कोणते खाते, कोणती पाळी, जॉबर कोण, पहिला पगार किती, पाणी प्यायचा माठ वेगळा होता का. फोटोतल्या माणसांची नावे फोटोच्या मागे लिहावीत, डावीकडून उजवीकडे, आणि पेन्सिलीने. शाई पुढे फुटते आणि चेहऱ्यावर उतरते.